अडकित्ता आणि अण्णांची शपथ

माझ्या कपाटात एक अडकित्ता आहे. पितळी, पोपटाच्या आकाराचा, चोचीखाली पोलादाचं पातं. अधूनमधून मी तो काढते, चिंच लावून घासते आणि पुन्हा फडक्यात गुंडाळून ठेवते. सुपारी मी जन्मात खाल्ली नाही, आणि आता खायची म्हटलं तरी दात कुठले? नातसून विचारते, आजी, मग हा कशाला एवढा जपताय? मी तिला सांगते की बाई गं, या पोपटानं माझं लग्न जमवलं. ती हसते आणि दुसरीकडं बघते. म्हातारी चळली असं तिला वाटतं. वाटू दे बापडीला. पण एकदा नीट सांगून टाकते, म्हणजे माझ्यामागं कुणी तो मोडीत घालायला नको.

गोष्ट लढाईच्या दिवसांतली. साखर रेशनवर होती, रॉकेल मिळायची मारामार, आणि पाहुण्याला गुळाचा चहा दिला तरी तो निमूट पीत असे. आम्ही तेव्हा नगर जिल्ह्यात, काष्टीला राहायचो. माझे वडील शाळेत मास्तर होते. त्यांना आम्ही अण्णा म्हणायचो, आणि गाव नुसतं मास्तर म्हणायचं. माणूस गाईसारखा गरीब. विडी नाही, तंबाखू नाही, सुपारीचं खांडसुद्धा तोंडात नाही. व्यसन एकच, आणि ते सगळ्या व्यसनांवर कडी करणारं. कुठलाही शब्द कानावर पडला की तो आला कुठून, हे सांगितल्याशिवाय अण्णांना चैन पडत नसे.

त्यातून हत्यारांच्या नावांवर त्यांचा भारी जीव. आई चुलीपुढं बसून सुरीनं कांदा चिरतेय आणि अण्णा उंबऱ्यात उभे. सुरी म्हणजे संस्कृतातली क्षुरिका. चाकू मात्र आपला नव्हे, तो फारसी बोलणाऱ्यांबरोबर आला. न्हावी दाढी करायला बसला की त्याच्या वस्तऱ्याचं माहेर इराणात आहे हे त्यालाच ऐकावं लागे, आणि गालावर साबण वाळून जाई. खुरपं म्हणजे तर अण्णांचा जीव की प्राण. जुन्या काळी युद्धात क्षुरप्र नावाचा बाण असे, पसरट तोंडाचा, वस्तऱ्यासारख्या धारेचा. त्याचंच पुढं खुरपं झालं. भुईमुगात खुरपणाऱ्या बायकांना अण्णा बांधावरून हे सांगत, आणि त्या पदर तोंडाला लावून हसत. मला मात्र ते फार आवडायचं. बाण हातात धरून तण काढतेय असं वाटायचं, आणि काम भराभर व्हायचं.

आई वैतागायची. बाजाराच्या दिवशी पिशवी घेऊन गेलेले अण्णा तास न् तास परतायचे नाहीत. कुणा लोहाराशी नाही तर कासाराशी गप्पा हाणत उभे. शब्दाचं मूळ राहू द्या, निदान मुळा तरी आणा, असं ती म्हणायची. अण्णा हसायचे आणि मुळा शब्द कुठून आला ते सांगायला लागायचे. मग काय, आई कपाळाला हात लावायची.

हे सगळं गमतीचं होतं तोवर होतं. पण माझ्या लग्नाचं बघायला लागले आणि अण्णांची खोड माझ्या मुळावर आली. पहिलं स्थळ श्रीगोंद्याकडचं. मुलाचे वडील बोलता बोलता म्हणाले की आमचा कंदील फुटलाय. झालं! अण्णांनी त्यांना कंदिलाबरोबर पार अरबस्तानात नेलं, आणि माणसं जी उठली ती परत फिरकली नाहीत. दुसऱ्या स्थळाच्या मामांना झोप लागली. जागे झाले ते रागावूनच, कारण कुणीतरी हसलं होतं. ते हसणारं कोण हे मी सांगायला नको. गावात बायका कुजबुजायला लागल्या की मास्तरांची पोरगी बापाच्या जिभेपायी घरात राहणार.

तिसरं स्थळ कर्जतकडचं आलं. मुलगा फायनल पास, घरची शेती, स्वतःही शिक्षकाची नोकरी बघत होता. मला बघायला तो त्याच्या एका मित्राला घेऊन आला. मी पोह्यांची ताटली ठेवली, खाली बघून बसले, आणि अण्णांनी खुरप्याचा बाण सोडला. आता हाही उठणार, असं वाटलं. तर तो मुलगा पोह्यांचा घास हातात धरून ऐकत राहिला आणि म्हणाला, मग मास्तर, विळा कुठून आला?

अण्णा म्हणाले, ते मला अजून सापडलेलं नाही. घरात असं कधी झालं नव्हतं. आणि तो मुलगा म्हणाला, मीपण शोधतो.

मी मान वर केली आणि त्याला चांगला बघून घेतला. सावळा, कान जरा मोठे. करायचं तर याच्याशीच, असं मी तिथल्या तिथं ठरवलं. माझ्या बापाला पुढचा प्रश्न विचारणारा तो पहिला माणूस होता. रात्री आईनं विचारलं तेव्हा मी लाजले वगैरे नाही, सरळ सांगितलं की हे स्थळ हातचं गेलं तर मी दुसऱ्या कुणापुढं पोहे नेणार नाही. आईला माझा स्वभाव ठाऊक होता. तिचाच होता तो.

मुलाकडून होकार आला आणि सुपारी फोडायचा दिवस ठरला. आमच्याकडं सुपारी फोडणं म्हणजे सोयरीक पक्की होणं. दोन्हीकडची चार वडीलधारी माणसं बसतात, अडकित्त्यानं सुपारी फोडतात, तिची खांडं सगळ्यांना वाटतात, आणि मग कुणालाही माघार घेता येत नाही. फुटेपर्यंत मात्र काहीही होऊ शकतं. म्हणून आईनं आदल्या दिवशी अण्णांना माझ्यासमोर उभं केलं आणि त्यांचा हात माझ्या डोक्यावर ठेवला. सुपारी फुटेपर्यंत कुठलाही शब्द कुठून आला ते सांगायचं नाही, लेकीची शपथ आहे. अण्णांचा चेहरा पडला. पण माझ्याकडं बघून त्यांनी शपथ घेतली आणि जेवताना भाकरीचंसुद्धा मूळ सांगितलं नाही.

आमच्या घरी अडकित्ता नव्हता. खाणारंच कुणी नाही तर असणार कशाला? शेजारच्यांचा मागून आणला, लोखंडी, लांब दांड्यांचा. तो तबकात सुपारीशेजारी ठेवला.

कर्जतची मंडळी बैलगाडीतून आली. मुलाचे वडील वारले होते, म्हणून सगळा कारभार त्याच्या चुलत्याकडं. चुलते अंगानं भारदस्त, डोक्याला मोठं पागोटं, आवाज असा की बोलले की गोठ्यातली म्हैस कान टवकारायची. आणि त्यांच्याबरोबर मुलाची आई आली होती. सुपारीला बायका सहसा येत नसत. ही आली, भिंतीकडेच्या घोंगडीवर बसली, कमरेची पानसुपारीची चंची मांडीवर घेतली, आणि एक अक्षर बोलली नाही. आईनं पाणी विचारलं, मान हलवली. प्रवास कसा झाला विचारलं, मान हलवली. आई आत आली आणि दबल्या आवाजात म्हणाली, बाई गं, सासू कडक दिसते.

बाहेर बोलणी सुरळीत झाली. मानपान, तिथी, जेवणावळी, सगळं ठरलं. आता फक्त सुपारी फोडायची. अण्णांनी यजमान म्हणून अडकित्ता हातात घेतला, आणि चुलत्यांनी हात वर करून त्यांना थांबवलं. पुतण्यानं सांगितलं होतं म्हणे, मास्तर शब्दांचे मोठे जाणकार आहेत. पण आमीबी काही कमी न्हाई. आता ह्योच अडकित्ता घ्या. ह्याला अडकित्ता का म्हणत्यात? सुपारी आत अडकवून तोडतो म्हणून अडकित्ता!

मी आणि आई दाराआड उभ्या होतो. फटीतून मला अण्णांचे कान दिसले. ते लाल व्हायला लागले होते. ओठ घट्ट मिटलेले. आणि त्यांच्या हातातला अडकित्ता आपोआप दाबला गेला. कट.

आता हे कर्जतच काय, नगर जिल्ह्यात कुठल्याही घरात चालत नाही. कात्री रिकामी चालवायची नाही आणि अडकित्ता रिकामा वाजवायचा नाही. वाजवला की घरात भांडण होतं. लहान पोरांनी चुकून वाजवला तर धपाटा बसतो. आणि इथं सुपारीच्या दिवशी, सोयऱ्यांच्या समोर, मुलीचा बाप वाजवतोय!

चुलत्यांचं लक्ष नव्हतं. त्यांना आता रंग चढला होता. विळा कशाला म्हणत्यात? वेळेला कामाला येतो म्हणून विळा. कट. कात्री? कातडं कापती म्हणून कात्री. कट कट. आणि खुरपं? जनावराच्या खुरावानी दिसतं, म्हणून खुरपं! खुरप्याचं नाव निघाल्यावर अण्णांच्या डोळ्यांत पाणीच आलं. बिचारे! त्यांच्या बाणाचं खूर झालं होतं आणि त्यांना बोलता येत नव्हतं. अडकित्ता कट कट कट वाजत सुटला.

मंडळींतला एक म्हातारा म्हणाला की मास्तर, रिकामा वाजवू नगा. अण्णांनी दचकून हात थांबवला. पण चुलते आता थांबले होते आणि त्यांनी अण्णांचा तो लाल चेहरा बघितला. त्यांना तो राग वाटला. मी सोयऱ्याच्या घरी बसून चार शब्द बोललो तर हा माणूस होय म्हणत नाही, न्हाई म्हणत नाही, वर अडकित्ता वाजवतो. त्यांनी विचारलं, मास्तर, काय असंल ते तोंडानं बोला. अण्णांनी आमच्या दाराकडं बघितलं, पुन्हा चुलत्यांकडं बघितलं आणि मान खाली घातली. चुलत्यांनी बाजूला ठेवलेलं पागोटं उचललं.

"ह्यांना सोयरीक मोडायची दिसती," ते म्हणाले. "गाडी जुपा रं."

आई दाराची कडी धरून उभी राहिली. बाहेर जाऊन परक्या पुरुषांपुढं नवऱ्याला शपथ सोडवणं तिला शक्य नव्हतं. मुलीनं तर न बोलावता बाहेर यायचंच नाही. पण मला बैलाच्या गळ्यातली घुंगरं ऐकू आली, आणि ते मोठे कान डोळ्यांपुढं आले, आणि माझं डोकं सटकलं. मी दार ढकललं आणि सरळ बैठकीत जाऊन उभी राहिले.

"थांबा. अण्णांना सोयरीक मोडायची नाही. आईनं त्यांना माझी शपथ घातलीय, सुपारी फुटेपर्यंत शब्दांबद्दल बोलायचं नाही म्हणून. एवढं चुकीचं ऐकूनही ते गप्प बसले ते माझ्यासाठी."

तेवढ्यावर थांबायला हवं होतं. शहाणी मुलगी थांबली असती. पण खुरप्याचं खूर केल्याचा राग माझ्याही डोक्यात होता.

"आणि अडकवून तोडतो म्हणून अडकित्ता नाही. तो कानडी शब्द आहे. कानडीत सुपारीला अडके म्हणतात, कात्रीला कत्तरी. अडके कापायची ती अडकत्तरी. तिचा आपण अडकित्ता केला."

अण्णा ट्रेनिंगला होते तेव्हा त्यांच्या खोलीत धारवाडचा एक जण होता, त्याच्याकडून त्यांनी हे घेतलं होतं, आणि मी लहानपणापासून इतक्यांदा ऐकलं होतं की झोपेत सांगितलं असतं. चुलत्यांचं पागोटं हातातच राहिलं. एक जण दुसऱ्याला म्हणाला, पोरगी लई बोलती. संपलं सगळं, असं वाटलं. घालवलं ते अण्णांनी नव्हे, मी.

"काय म्हणलीस?"

आवाज भिंतीकडून आला. मुलाची आई घोंगडीवरून पुढं सरकली होती. मला वाटलं, आता ही फाडून खाणार.

"पुन्यांदा म्हण. सुपारीला काय म्हणलीस?"

मी चाचरत म्हटलं, अडके.

"आमच्यात अडकी म्हणत्यात," ती म्हणाली. "अडकी. अडकत्तरी." आणि तिच्या त्या कडक चेहऱ्यावर असं हसू आलं की दहा वर्षांची पोर बसलीय असं वाटावं. डोळे मात्र भरले होते. तिनं हात पुढं केला. "बा, मगळे," ती म्हणाली, आणि मग आपल्याच लक्षात येऊन मराठीत म्हणाली, "ये पोरी, इकडं बस."

मी जाऊन बसले. मग त्या बाईनं जे सांगितलं ते सगळ्यांसमोर, हळूहळू, शब्द वेचत सांगितलं. तिचं माहेर अक्कलकोटच्या पलीकडचं. लग्न होऊन कर्जतला आली तेव्हा अगदी पोर होती आणि मराठी धड येत नव्हती. सासऱ्यांना सुपारी कातरून द्यायची होती, तर ती स्वयंपाकघरातून अडकत्तरी, अडकत्तरी म्हणून मागत राहिली. घर हसून हसून लोळलं. धाकटा दीर तर महिनोन् महिने तिच्यामागून अडकत्तरी, अडकत्तरी असं ओरडत हिंडायचा. तेव्हापासून चार परक्या माणसांत तिनं तोंड उघडायचंच सोडलं. माहेरचे सगळे गेले, आणि ते शब्द तिच्याशी बोलणारं कुणी राहिलं नाही. आम्ही जिला कडक समजत होतो ती बाई नुसती लाजत होती!

तो धाकटा दीर म्हणजेच आमच्यापुढं पागोटं धरून उभा असलेला भारदस्त माणूस. त्यांचा एवढा मोठा आवाज कुठं गेला कोण जाणे.

"वैनी," ते म्हणाले, "तवा म्या पोर हुतो."

"व्हय. आता मोठं झालायसा. बसा खाली आन् सुपारी फोडा." मग तिनं अण्णांच्या हातातल्या अडकित्त्याकडं बघितलं. "त्यो वाजलेला नगं. ह्यो घ्या." आणि तिनं चंचीतून आपला अडकित्ता काढला. पितळी, पोपटाच्या आकाराचा. त्या हसण्यानंतर ती माहेरी गेली तेव्हा आईनं दिलेला. तो आजवर तिनं कुणाला हात लावू दिला नव्हता म्हणे.

चुलत्यांनी पागोटं डोक्यावर नीट बसवलं, मांडी घातली, सुपारी पोपटाच्या चोचीत धरली आणि फोडली. दारामागं आईचा हुंदका ऐकू आला, आणि लगेच तिचा आवाज, आता बोला काय बोलायचं ते! अख्खी बैठक हसली.

अण्णांनी एक मोठा श्वास घेतला. आणि मग धरण फुटलं म्हणा. कानडीतली कत्तरी म्हणजे मुळात आपल्या कात्रीचीच बहीण, दोघी संस्कृतातल्या कर्तरीच्या लेकी. एक इथं राहिली, दुसरी कर्नाटकात सासरी गेली आणि ओटीत सुपारी घेऊन परत माहेरी आली, तोच हा अडकित्ता. हे ऐकताना माझ्या होणाऱ्या सासूनं माझा हात धरून ठेवला होता. मग खुरप्याचा बाण आला. चुलत्यांनी तो मुकाट्यानं अंगावर घेतला, आणि विळ्याचं काय म्हणून विचारलंसुद्धा. सुपारीचं खांड अण्णांनीही तोंडात टाकलं, आयुष्यात पहिल्यांदा, आणि ठसका लागून त्यांना पाणी द्यावं लागलं. गाडी निघाली ती दिवेलागणीला.

लग्न झालं. सासूबाईंनी मला रोज एक कानडी शब्द द्यायला सुरुवात केली, पीठ मळताना, धान्य निवडताना, विहिरीवर जाताना. अण्णा म्हणजे थोरला भाऊ, हे त्यांच्याकडूनच कळलं. बापाला भाऊ म्हणतेस होय गं, असं म्हणून त्या कितीतरी दिवस हसत होत्या. आमच्या स्वयंपाकघरात आम्हा दोघींची एक भाषाच झाली, अर्धी त्यांची, अर्धी माझी. परक्या माणसांतही त्या बोलायला लागल्या, आणि एकदा लागल्या म्हणजे अण्णांनाही ऐकत नसत. माझा नवरा आणि माझे वडील मात्र जन्मभर विळ्याचं मूळ शोधत राहिले. दोघांनाही ते पटण्यासारखं सापडलं नाही, आणि दोघांचं त्यावरून कधी वाकडं आलं नाही.

पुढं सासूबाईंचे दात गेले. सुपारी बंद झाली. तरी संध्याकाळी अंगणात बाज टाकली की त्या हात पुढं करून म्हणायच्या, अडकत्तरी दे गं. मी द्यायची. त्या पोपट हातात घ्यायच्या आणि नुसताच वाजवत बसायच्या. कट. कट. एकदा माझा नवरा त्यांना म्हणाला, आई, रिकामा वाजवू नको, घरात भांडणं होतात.

"होऊ देत," त्या म्हणाल्या. "तुझ्या सासऱ्यानं वाजवला म्हणून मला बोलाया मिळालं."

आता त्या नाहीत, अण्णा नाहीत, ते मोठे कानही गेले. मी फडकं सोडते, पोपट घासून लख्ख करते, पुन्हा गुंडाळायच्या आधी कुणी बघत नाही ना याची खात्री करते, आणि एकदा रिकामा वाजवते.